दुभत्या गायीच्या लाथा: मोठ्या लाइव्ह स्ट्रीमरला शिक्षा किरकोळच का होते?

18 ऑगस्ट 2025 रोजी फ्रान्समध्ये नीस शहराजवळच्या कोंत या गावात राफाएल ग्रावाँ नावाचा 46 वर्षांचा माणूस झोपेतच गेला. इंटरनेटवर त्याला 'जाँ पोर्मानोव्ह' म्हणून ओळखत. तो गेला तेव्हा खोलीतला कॅमेरा चालू होता. किक या प्लॅटफॉर्मवर त्याचं लाइव्ह बारा दिवसांपासून, म्हणजे जवळपास 300 तास, न थांबता सुरू होतं आणि लोक ते बघत होते.

त्याआधी कित्येक महिने याच चॅनलवर लोकांनी त्याला थपडा खाताना पाहिलं होतं. त्याचा अपमान होताना, त्याच्यावर ओरडलं जाताना पाहिलं होतं. यात लपवलेलं काहीच नव्हतं, उलट दाखवण्यासाठीच सगळं चाललं होतं. 'मीडियापार' या फ्रेंच वृत्तसंस्थेनं डिसेंबर 2024 मध्ये यावर सविस्तर लिहिलं. जानेवारी 2025 मध्ये त्याच्या दोन सहकाऱ्यांना पोलिसांनी चौकशीसाठी ताब्यात घेतलं आणि नंतर सोडून दिलं. हे सगळं ठरवून केलेलं नाटक आहे, असं तेही म्हणत होते आणि स्वतः ग्रावाँही म्हणत होता. शवविच्छेदनात मृत्यू मारहाणीमुळे झाल्याचं आढळलं नाही, हेही इथेच सांगायला हवं. पण बातमी वाचणाऱ्या प्रत्येकाच्या मनात आलेला प्रश्न मृत्यूच्या कारणाचा नव्हताच. सगळ्यांना सगळं दिसत होतं, मग थांबवलं का नाही कुणी?

असाच प्रश्न लहान प्रमाणात दर काही आठवड्यांनी पडतो. कुणीतरी लाखो फॉलोअर्सवाला स्ट्रीमर काहीतरी भयंकर करतो, गदारोळ होतो, प्लॅटफॉर्म त्याला सात दिवस बॅन करतो आणि आठव्या दिवशी तो जास्त गर्दी घेऊन परत येतो. 'यांना कुणी विचारणारं आहे की नाही?' असं आपण म्हणतो. विचारणारे आहेत. ते कोण आहेत, हे कळलं की सात दिवसांचा हिशोबही कळतो.

आधी धंदा समजून घेऊ

टीव्हीवरच्या थेट कार्यक्रमामागे निर्माता असतो, संपादक असतो. अनेक वाहिन्या दृश्य मुद्दाम काही सेकंद उशिरा सोडतात, म्हणजे कुणी शिवी हासडलीच तर ती गाळता येते. लाइव्ह स्ट्रीमला यातलं काही लागत नाही. एक फोन, बरं इंटरनेट आणि एक खातं असलं की झालं. ट्विच, यूट्यूब, किक असे प्लॅटफॉर्म त्यासाठी जागा देतात. बरेचसे स्ट्रीमर गेम खेळतात, गप्पा मारतात, स्वयंपाक करतात, आणि त्यांच्याबद्दल कुणाची काही तक्रार नसते.

वादग्रस्त स्ट्रीम कशी चालते, ते जवळून बघू. पडद्यावर एक माणूस हातात कॅमेरा घेऊन रस्त्यानं चाललाय. बाजूला चॅट, म्हणजे प्रेक्षकांचे मेसेज, इतक्या वेगानं वर सरकतंय की एकही धड वाचता येत नाही. मध्येच 'टुंग' असा आवाज होतो. कुणीतरी पैसे पाठवलेत, आणि पैशांसोबत आलेला निरोप यंत्राच्या सपाट आवाजात सगळ्यांना ऐकू येतो: 'त्या बाकावरच्या आजोबांची टोपी उचल.' स्ट्रीमर हसतो, 'नाही रे बाबा' म्हणतो. पुन्हा टुंग. या वेळी रक्कम दुप्पट आणि निरोप एका शब्दाचा: 'घाबरला.' चॅटमध्ये तोच शब्द शेकड्यांनी सरकायला लागतो. दहा मिनिटांनी टोपी त्याच्या हातात असते.

इथे मागणी आणि किंमत एकाच वाक्यात येतात, तीही सगळ्यांसमोर. नटाला टाळ्या नाटक झाल्यावर मिळतात. इथे टाळ्या आधी आणि प्रवेश नंतर. अशा व्यवस्थेत सभ्य माणूसही हळूहळू घसरतो, आणि ज्याला घसरायचंच आहे त्याला तर उतारच मिळतो.

या पैशांतला वाटा प्लॅटफॉर्मकडे जातो. ट्विचवर सबस्क्रिप्शनचे, म्हणजे महिन्याच्या वर्गणीचे, पैसे सर्वसाधारणपणे निम्मे-निम्मे वाटले जातात, मोठ्या स्ट्रीमरला थोडा जास्त वाटा मिळतो. दक्षिण कोरियात सूप नावाचा प्लॅटफॉर्म आहे, आधी त्याचं नाव आफ्रिकाटीव्ही होतं. तिथे प्रेक्षक 'स्टार बलून' विकत घेऊन स्ट्रीमरला देतात. नावं वेगळी असली तरी नळ एकच आहे, आणि त्यावर मीटर प्लॅटफॉर्मचं आहे.

शिक्षा देणारा कोण? तिकीटबारीवर बसलेला

एक नाटक कंपनी डोळ्यांसमोर आणा. मुख्य नट रोज उशिरा येतो, सहकलाकारांना शिव्या घालतो, एकदा तर प्रेक्षकाच्या अंगावर धावून गेला. तक्रार कुणाकडे करायची? कंपनीच्या मालकाकडे. आणि मालकाला ठाऊक आहे की बाहेरची पाटी याच नटाच्या नावावर 'हाउसफुल्ल' होते. तो नटाला आत बोलावेल, दोन शब्द सुनावेल, आठ दिवस घरी बसवेल. काढून टाकणार नाही. दुभत्या गायीच्या लाथा गोड, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही.

स्ट्रीमिंगमध्ये नेमकं हेच होतं. नियम प्लॅटफॉर्मचे, तक्रार प्लॅटफॉर्मकडे, निकाल प्लॅटफॉर्मचा, अपीलही तिथेच, आणि गल्ल्यातला वाटाही त्याचाच. यात कुणी दुष्ट असायची गरज नाही. नियम राबवणारे कर्मचारी मनापासून काम करत असतीलही. पण ज्या निर्णयाने कंपनीचं नुकसान होणार तो निर्णय वरपर्यंत जातो, चार लोक त्यावर विचार करतात, आणि विचार जितका लांबतो तितका निकाल मवाळ होतो.

हा नुसता संशय नाही. सप्टेंबर 2021 मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'नं फेसबुकच्या आतल्या कागदपत्रांवरून 'क्रॉस-चेक' नावाची व्यवस्था उघड केली. तुमच्या-माझ्या पोस्टवर नियमभंगाचा शिक्का बसला की ती लगेच उडते. क्रॉस-चेकच्या यादीतल्या बड्या खात्यांची पोस्ट मात्र आधी दुसऱ्या रांगेत जायची, तिथे माणसं ती पुन्हा तपासायची आणि तोवर ती सगळ्यांना दिसत राहायची. 2020 मध्ये या यादीत 58 लाख खाती होती.

फुटबॉलपटू नेमार याचं उदाहरण त्यातलंच. 2019 मध्ये एका महिलेनं त्याच्यावर बलात्काराचा आरोप केला. त्यानं तो नाकारला आणि पुढे पुराव्याअभावी ते प्रकरण बंद झालं. पण दरम्यान त्यानं त्या महिलेची नग्न छायाचित्रं असलेला व्हिडिओ फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर टाकला. परवानगीशिवाय अशी छायाचित्रं टाकणाऱ्याचं खातं बंद करायचं, असा कंपनीचा नेहमीचा नियम. क्रॉस-चेकमुळे तो व्हिडिओ एक दिवसाहून जास्त काळ तसाच राहिला आणि 5 कोटी 60 लाख वेळा बघितला गेला. खातं बंद झालं नाही. डिसेंबर 2021 मध्ये त्याच नेमारबरोबर कंपनीनं करार केला, आणि तो होता गेमच्या लाइव्ह स्ट्रीमचा, फक्त फेसबुकवर करण्यासाठी. मेटानंच, म्हणजे फेसबुकच्या मालक कंपनीनंच, नेमलेल्या ओव्हरसाइट बोर्डानं 2022 च्या डिसेंबरमध्ये ही व्यवस्था तपासली आणि ती माणसांच्या हक्कांपेक्षा धंद्याच्या सोयीसाठी रचलेली दिसते, असं स्पष्ट म्हटलं. बोर्ड मेटाच्याच पैशांवर चालतं, म्हणून मला ते वाक्य जास्त बोलकं वाटतं.

सात दिवस कुणाचे सात दिवस?

शिक्षेचे प्रकार मोजकेच आहेत. 'स्ट्राइक' म्हणजे खात्यावर पडलेली खूण. 'बॅन' म्हणजे काही दिवसांची किंवा कायमची बंदी. यूट्यूबचा नियम त्यातल्या त्यात स्वच्छ आहे: आधी ताकीद, मग पहिल्या स्ट्राइकला आठवडाभर काही टाकायला मनाई, दुसरीला दोन आठवडे, आणि 90 दिवसांत तिसरी पडली की चॅनल बंद. 90 दिवस नीट वागलात की खूण पुसली जाते.

वाचायला हे सगळ्यांना सारखं वाटतं. पण शिक्षा दिवसांत मोजली की ती सारखी राहतच नाही.

समजा, एका मुलीला रोज तीस जण बघतात. त्यातल्या पाच-सहा जणांनी वर्गणी भरलीय. ती रोज ठरलेल्या वेळी लाइव्ह येते आणि म्हणूनच ते तीस जण येतात. तिला आठवडाभर बंदी झाली तर तिचे प्रेक्षक दुसरीकडे रमतात, आणि परत आल्यावर तिला पुन्हा शून्यातून सुरुवात करावी लागते. आता दुसरीकडे तीस हजार प्रेक्षकांचा स्ट्रीमर घ्या. तोही आठवडाभर बंद. पण त्याच्या जुन्या क्लिप इतर ठिकाणी फिरत असतात, जाहिरातदारांचे करार चालू असतात, आणि 'अमुक बॅन झाला' हीच बातमी होते. ज्यांनी त्याचं नाव कधी ऐकलं नव्हतं, तेही त्याला शोधायला लागतात.

परतीचा दिवस तर बघण्यासारखा असतो. स्ट्रीम सुरू व्हायच्या तासभर आधीच चॅट भरलेलं. काळ्या पडद्यावर उलटी मोजणी करणारं घड्याळ. शीर्षकात मोठ्या अक्षरांत 'सुटलो'. घड्याळ शून्यावर येतं, तो खुर्चीत बसतो, काही बोलत नाही, नुसता हसतो, आणि पडद्यावर वर्गण्यांच्या पाट्या एकीवर एक पडायला लागतात. पहिली पाच मिनिटं तो फक्त नावं वाचून आभार मानतो. मग गंभीर चेहरा करून म्हणतो, 'चुकलो, शिकलो.' दिलगिरीचा तेवढाच तुकडा कापून वेगळा फिरवला जातो आणि त्यालाही व्ह्यूज मिळतात. शिक्षेचं उत्पन्न शिक्षेच्या खर्चापेक्षा जास्त, असा हा हिशोब.

मग कडक वागतो हे दाखवायला प्लॅटफॉर्म कुणाला धरतो? ज्याच्यासाठी कुणी ओरडणार नाही त्याला. गाण्याच्या हक्कांवरून, चुकून दिसलेल्या चित्रावरून, यंत्रानं चुकीच्या वाचलेल्या शब्दावरून लहान खाती उडतात, आणि अपील करावं तर समोर माणूस सापडत नाही. मोठ्याला कंपनीत थेट फोन करता येईल असा माणूस नेमून दिलेला असतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी.

कारण सांगायचंच नाही

माझ्या मते शिक्षा सौम्य असण्यापेक्षा मोठं दुखणं वेगळं आहे. शिक्षा कशासाठी झाली, हेच बहुतेक वेळा कळत नाही.

'डॉक्टर डिसरिस्पेक्ट' या नावानं गाजलेला अमेरिकी स्ट्रीमर गाय बीम याचं प्रकरण घ्या. जून 2019 मध्ये एका मोठ्या गेम प्रदर्शनात तो कॅमेरा चालू ठेवून सार्वजनिक स्वच्छतागृहात शिरला. ट्विचनं त्याला दोन आठवडे बॅन केलं. वर्षभरानं, 26 जून 2020 ला, ट्विचनं त्याला कायमचं काढलं, पण कारण सांगितलं नाही. त्यानं दावा लावला, 2022 मध्ये तडजोड झाली, दोन्ही बाजू गप्प. प्रेक्षक चार वर्षं तर्क लढवत राहिले. जून 2024 मध्ये ट्विचच्या एका माजी कर्मचाऱ्यानं तोंड उघडलं, आणि मग बीमनं मान्य केलं की 2017 मध्ये एका अल्पवयीन व्यक्तीशी त्याची मेसेजवर बोलणी झाली होती आणि ती कधीकधी अनुचिततेकडे झुकली होती. त्यात बेकायदा काही नव्हतं, असं त्याचं म्हणणं. त्याच्यावर कुठला गुन्हा दाखल झालेला नाही.

मधल्या चार वर्षांत मात्र तो यूट्यूबवर स्ट्रीम करत होता, जाहिराती मिळवत होता, आणि त्याच्या चाहत्यांत लहान मुलंही होती. यूट्यूबनं त्याची कमाई थांबवली ती 2024 मध्ये, गोष्ट बाहेर आल्यावर. ट्विचनं दिलेली शिक्षा होती कायमचा बॅन, कुठल्याही प्लॅटफॉर्मवर त्याहून कडक शिक्षा नसते. तरी इतरांना सावध करण्याच्या दृष्टीनं तिचा उपयोग शून्य, कारण निकालपत्रच कुणाला दिसलं नाही.

प्लॅटफॉर्मचं म्हणणं असतं की कारण उघड केलं तर तक्रारदाराची ओळख फुटेल, किंवा अब्रुनुकसानीचा दावा लागेल. पहिली भीती खरी आहे. पण नाव न घेता 'अमुक नियमाचा अमुक पातळीचा भंग, म्हणून इतके दिवस' एवढं सांगायला काय हरकत आहे? मैदानावरचा अंपायरसुद्धा नो-बॉल की वाइड, हे इशाऱ्यानं दाखवतो.

मग कायदा काय करतो?

दोन गोष्टी वेगळ्या ठेवू: स्ट्रीमरची जबाबदारी आणि प्लॅटफॉर्मची जबाबदारी.

प्लॅटफॉर्मला बहुतेक देशांत एक संरक्षण असतं. अमेरिकेत ते 1996 च्या कायद्यातल्या कलम 230 मधून येतं. दुसऱ्यानं टाकलेल्या मजकुरासाठी सहसा प्लॅटफॉर्मला जबाबदार धरायचं नाही, असा त्याचा गाभा. टपालखात्याला पत्रातल्या मजकुराबद्दल कोर्टात खेचत नाहीत, तसंच काहीसं. या कायद्याशिवाय आजचं इंटरनेट उभंच राहिलं नसतं, हे खरं. पण टपालखातं कधी पत्र उघडून त्यातल्या शिव्यांवर कमिशन घेत नव्हतं. तेवढी उपमा इथे लंगडी पडते.

युरोपीय संघाचा डिजिटल सर्व्हिसेस अॅक्ट 17 फेब्रुवारी 2024 पासून पूर्णपणे लागू झाला. त्यात दोन कामाच्या गोष्टी आहेत. एक, कुणाची पोस्ट काढली किंवा खातं रोखलं तर कारण लेखी कळवावं लागतं. दोन, जो वारंवार उघडउघड बेकायदा गोष्टी टाकतो त्याला ताकीद देऊन काही काळ थांबवणं प्लॅटफॉर्मवर बंधनकारक आहे. नियम मोडणाऱ्या कंपनीला जगभरच्या उलाढालीच्या 6 टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. ब्रिटनच्या 2023 च्या कायद्यात हा आकडा 10 टक्के आहे. सगळ्यात कडक देखरेख मात्र युरोपात साडेचार कोटींहून जास्त वापरकर्ते असलेल्या कंपन्यांवर. लहान प्लॅटफॉर्म त्या चाळणीतून खाली पडतो, आणि नेमका तिथेच धिंगाणा जास्त.

आता स्ट्रीमर. 'जॉनी सोमाली' नावानं फिरणारा अमेरिकी स्ट्रीमर 2023 मध्ये जपानमध्ये लोकांना छळत हिंडत होता. ओसाकातल्या एका रेस्टॉरंटमध्ये मोठ्यानं आवाज लावून गोंधळ घातल्याबद्दल जानेवारी 2024 मध्ये त्याला 2 लाख येन दंड झाला. ही रक्कम म्हणजे अशा माणसासाठी प्रवासखर्चातली एक ओळ. 2024 मध्ये तो दक्षिण कोरियात गेला आणि युद्धकाळात लैंगिक गुलामगिरीत ढकललेल्या स्त्रियांच्या स्मारकाच्या पुतळ्याचं त्यानं चुंबन घेतलं, तेही कॅमेऱ्यासमोर. तिथे मात्र त्याला देश सोडायलाच मनाई झाली आणि खटला उभा राहिला. दंडाची पावती फाडून पुढच्या देशात जाता येतं, पण पासपोर्ट अडकला की स्ट्रीमच थांबते.

तिसरं उदाहरण मला सगळ्यात रंजक वाटतं. 4 ऑगस्ट 2023 ला काई सेनाट या लोकप्रिय स्ट्रीमरनं न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअरमध्ये गेमची यंत्रं फुकट वाटतो म्हणून लोकांना बोलावलं. हजारो पोरं आली, गाड्यांवर चढली, दगडफेक झाली. 65 जणांना अटक झाली, त्यात 30 अल्पवयीन. सेनाटवर दंगलीला चिथावणी दिल्याचा आरोप ठेवला गेला. मे 2024 मध्ये त्यानं जाहीर माफी मागितली आणि उद्ध्वस्त झालेल्या बागेच्या दुरुस्तीसाठी सुमारे 57 हजार डॉलर भरले, मग सरकारी वकिलांनी खटला सोडून दिला. 'पैसेवाला म्हणून सुटला' असं अनेकांनी म्हटलं. मला तसं वाटत नाही. त्याच्या कमाईच्या मानानं रक्कम छोटी होती हे कबूल. पण जे मोडलं त्याची किंमत काढली गेली, ती मोडणाऱ्याकडून वसूल झाली आणि सगळं उघड झालं. प्लॅटफॉर्मच्या सात दिवसांत यातलं एकही नसतं.

'कडक झालात तर ते दुसरीकडे जातील'

हा आक्षेप पोकळ नाही. एडिन रॉस या मोठ्या स्ट्रीमरला ट्विचनं फेब्रुवारी 2023 मध्ये काढलं आणि तो किकवर गेला. किक तेव्हा नुकताच निघाला होता. स्टेक या ऑनलाइन जुगाराच्या कंपनीचे संस्थापकच त्यामागे आहेत आणि वर्गणीतले 95 टक्के ते स्ट्रीमरला देतात. म्हणजे प्लॅटफॉर्मला वर्गणीतून जवळपास काही सुटत नाही. मग एवढी उदारता कशासाठी? गर्दी तिथे आली तर जुगाराच्या पाटीसमोरूनच जाते, हे उत्तर मला तरी पटतं. त्याच वर्षी जूनमध्ये 'एक्सक्यूसी' या मोठ्या स्ट्रीमरशी किकनं दोन वर्षांसाठी सुमारे 7 कोटी डॉलरचा करार केल्याच्या बातम्या आल्या. समोर असा गिऱ्हाईक उभा असताना ट्विच आपल्या मोठ्या स्ट्रीमरला किती दटावणार?

पण या युक्तिवादाचा दुसरा भाग कुणी सांगत नाही. जागा बदलली की गर्दी आपोआप मागे येते असं नाही. मायक्रोसॉफ्टनं 2019 मध्ये 'निंजा' या त्या वेळच्या सगळ्यात मोठ्या स्ट्रीमरला पैसे मोजून मिक्सर या आपल्या प्लॅटफॉर्मवर नेलं, आणि जुलै 2020 मध्ये मिक्सरच बंद पडला. शिवाय स्ट्रीमर दुसरीकडे गेला तरी पैशाचे मार्ग तेच राहतात: कार्ड कंपन्या, जाहिरातदार, अॅपची दुकानं. नाक दाबलं की तोंड उघडतं. बंदीपेक्षा कमाई रोखणं जास्त लागतं, ते यामुळेच. स्ट्रीम करू दे, बोलू दे, पण तीन महिने वर्गणी नाही, देणगीचं 'टुंग' नाही, जाहिरात नाही. मग टोपी उचलण्याचा भावच शून्य होतो. आणि अशा वेळी प्लॅटफॉर्मनं स्वतःचा वाटाही सोडावा, नाहीतर शिक्षा कुणाला झाली ते कळणार नाही.

'मग चीनसारखं करा!'

गदारोळ झाला की ही सूचना येतेच. तिथे शिक्षा सौम्य नसते, यात शंका नाही. वेया या नावानं ओळखली जाणारी, लाइव्हवर वस्तू विकणारी चीनमधली सगळ्यात मोठी स्ट्रीमर डिसेंबर 2021 मध्ये करचुकवेगिरीत सापडली. तिला 1.341 अब्ज युआन भरावे लागले आणि तिची खाती इंटरनेटवरून नाहीशी झाली. जून 2022 मध्ये तिथल्या सरकारनं स्ट्रीमरनी कोणत्या 31 गोष्टी करायच्या नाहीत, याची यादीच काढली. वैद्यकी, कायदा, अर्थकारण यांवर बोलायचं तर त्या विषयातली पात्रता दाखवा, असंही त्यात आहे. हा शेवटचा मुद्दा मला अगदीच वाईट वाटत नाही.

पण त्याच महिन्यातली दुसरी गोष्ट ऐका. 3 जून 2022 च्या संध्याकाळी ली जियाची हा तितकाच मोठा विक्रेता-स्ट्रीमर रणगाड्याच्या आकाराचं आइस्क्रीम दाखवत होता. दुसऱ्या दिवशी तिआनान्मेन चौकात 1989 मध्ये रणगाडे आणून केलेल्या हत्याकांडाचा स्मृतिदिन होता, ज्याचा चीनमध्ये उल्लेखही चालत नाही. स्ट्रीम तुटली. तांत्रिक बिघाड, असं सांगण्यात आलं. ली सप्टेंबरपर्यंत दिसला नाही. त्याच्या कित्येक तरुण चाहत्यांना तर हा दिवस कसला, हेच माहीत नव्हतं. शिक्षा कडक होती, पण तिचं कारण इथेही अंधारातच. ट्विचच्या चार वर्षांच्या मौनात आणि या मौनात अंतर खूप आहे, पण सामान्य माणसाच्या हाती दोन्हीकडे तेवढंच लागतं.

'पण लोक बघतात म्हणून ते करतात ना?'

हो, बघतात. तरी बघणाऱ्यांतल्या काहींना ते थांबावं असंच वाटत असतं. थांबवायचं बटण मात्र त्यांच्याकडे नसतं. आणि थेट प्रक्षेपणात वेळेचं गणित फार क्रूर आहे. 15 मार्च 2019 ला ख्राइस्टचर्चच्या मशिदींवरचा हल्ला फेसबुकवर 17 मिनिटं थेट दिसला. थेट बघणारे 200 हून कमी होते आणि चालू असताना त्यांतल्या एकानंही तक्रार केली नाही, असं फेसबुकनं म्हटलं. पुढच्या 24 तासांत कंपनीला त्या व्हिडिओच्या 15 लाख प्रती काढाव्या लागल्या. मे 2022 मध्ये अमेरिकेतल्या बफेलो शहरातल्या हल्ल्याचं थेट प्रक्षेपण ट्विचनं दोन मिनिटांच्या आत बंद केलं. म्हणजे ठरवलं तर जमतं. ठरवायला किती पुरावा लागतो, ते मात्र समोर कोण आहे त्यावर ठरतं.

'हा बोलण्याच्या स्वातंत्र्यावर घाला नाही का?'

मतासाठी शिक्षा झाली तर नक्कीच. पण वर आलेल्या उदाहरणांत मतं किती होती, मोजून बघा.

ज्याची टोपी गेली तो कुठे आहे?

या सगळ्या चर्चेत तीनच पक्ष बोलतात: स्ट्रीमर, प्लॅटफॉर्म आणि प्रेक्षक. बाकावरच्या आजोबांना कुणी विचारत नाही. त्यांचं त्या प्लॅटफॉर्मवर खातं नाही, आपण कुठे दिसलो हे त्यांना माहीत नाही, आणि त्यांची क्लिप किती ठिकाणी गेली हे कुणालाच माहीत नाही. स्ट्रीमरला अपील करता येतं. आजोबांना करता येत नाही.

मी एकदा एका प्लॅटफॉर्मवर तक्रार करून बघितली होती. रस्त्यावर झोपलेल्या एका माणसाच्या तोंडावर कुणीतरी थंड पाणी ओतत होतं आणि चॅट हसत होतं. 'तक्रार करा' दाबलं. यादी आली: स्पॅम, नग्नता, कॉपीराइट, छळ, इतर. 'छळ' निवडलं. पुढचा प्रश्न आला: 'छळ कुणाचा होत आहे? (1) माझा (2) माझ्या ओळखीच्या व्यक्तीचा (3) दुसऱ्या वापरकर्त्याचा.' मी तिसरा पर्याय निवडला. खाली एक चौकट उघडली आणि तिच्यात लिहिलं होतं: 'कृपया त्या व्यक्तीचं युजरनेम टाका.'